ओरखडा, चरा आणि टवका

पृष्ठभागाला झालेल्या इजेसाठी मराठीत तीन निरनिराळे शब्द आहेत. नख किंवा काटा वरवर लागून गेला तर तो ओरखडा. टोकदार वस्तू आत रुतून खोल रेघ उमटली तर तो चरा. आणि आघाताने वरचा थर तुटून उडाला तर तो टवका. कपबशीपासून भिंतीच्या गिलाव्यापर्यंत आपण हे शब्द अचूक वापरतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपली भाषा एकाएकी दरिद्री होते. गॅरेजात उभे राहिल्यावर आपण ‘स्क्रॅच आला है’ एवढेच सांगतो, मिस्त्री ‘हो जाएगा’ एवढेच म्हणतो, आणि तीन वेगळ्या दुखण्यांवर एकच औषध सुचवले जाते : सबंध पत्रा पुन्हा रंगवून घ्या. या महिन्यात आम्ही या तीन शब्दांची मोटारीपुरती उजळणी करणार आहोत. त्यांतील भेद ज्याला कळला, त्याला बरेचसे काम एखाद्या रविवारी सकाळी घरच्या घरी करता येते. आणि जे करता येत नाही ते कोणाकडे व का सोपवायचे, हेही उमगते.

आम्ही ज्या देवास गेट परिसरातून हे सदर लिहितो, तेथे तिन्ही प्रकारांचे नमुने पाहावयास लांब जावे लागत नाही. जवळच रेल्वे स्टेशन, आणि १९५५ च्या गोवा सत्याग्रहात हुतात्मा झालेल्या राजाभाऊ महाकाळांचे नाव धारण करणारे बसस्थानक. महाकालेश्वराच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू, त्यांच्या बसगाड्या, ई-रिक्षा, हातगाड्या आणि सायकली यांची येथे अहोरात्र दाटी. अशा ठिकाणी गल्लीत उभ्या केलेल्या गाडीला सायकलीचे हँडल, पिशवीचे बक्कल किंवा गुरांची शिंगे यांचा प्रसाद मिळतोच. ओरखडे आणि चरे यांचे हे मूळ. टवके मात्र गावात सहसा उडत नाहीत. ते इंदूर, देवास किंवा आगर रस्त्याने येता-जाता पदरात पडतात. आणि तेही बॉनेटच्या पुढच्या कडेवर, दिव्यांच्या आसपास, चाकांच्या मागच्या पत्र्यावर व छताच्या पुढच्या पट्टीवर.

याला आपली भूमीही थोडीशी जबाबदार आहे. माळव्याचे पठार ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेल्या काळ्या फत्तराचे; रस्त्यावर पडते ती खडी याच बसाल्टची. हा दगड कठीण, आणि फोडला की त्याला धारदार कडा येतात. सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्या दृष्टीने इंदूर–उज्जैन रस्त्याच्या सहापदरीकरणाचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले. जेथे रस्त्याचे काम तेथे सुटी खडी, आणि जेथे सुटी खडी तेथे टवके, हे ठरलेलेच. शाळेत शिकलेले गणितही येथे आठवावे : वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याच्या बाबतीत तर आपला वेग त्याच्या वेगात मिळवावा लागतो. खडी वाहणाऱ्या डंपरच्या मागे भरपूर अंतर ठेवणे, हा टवक्यावरचा पहिला आणि फुकटचा उपाय होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घराघरांत आम्हांला एक गोष्ट सारखी आढळते. दारावर लांबलचक ओरखडा दिसला की कुटुंबात हळहळ पसरते. कोणी केला याची चौकशी होते, शेजारच्या मुलाच्या सायकलीकडे संशयाने पाहिले जाते. याउलट बॉनेटवर मोहरीएवढे सात-आठ टवके असतात, त्यांची कोणी दखलही घेत नाही. वस्तुतः शंभरातील नव्वद ओरखडे गाडीला कसलीही इजा करीत नाहीत. ते केवळ डोळ्यांना खुपतात. टवका डोळ्यांना खुपत नाही, पण तो पत्र्याला उघडे पाडतो. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ म्हणतात त्यातला हा प्रकार. घरची दुरुस्ती करावयाची तर ती आधी टवक्याची करावी, ओरखड्याची सवडीने.

हे असे का, हे समजण्यासाठी रंगाखाली काय असते ते पाहू. आजच्या मोटारीचा पत्रा रंगवण्यापूर्वी फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात. मग तो विजेच्या साहाय्याने रंग चढवणाऱ्या टाकीत बुडवतात. हा पहिला थर सांध्याकोपऱ्यांतही पोहोचतो आणि गंजापासून रक्षण करतो. त्यावर अस्तराचा थर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा, आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकरचा. एवढे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १४० मायक्रॉन. म्हणजे वाचकांच्या हातातील अंकाची जेमतेम दोन पाने. त्यांतील रंगाचा थर तर १५-२० मायक्रॉनचाच असतो. वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, आणि गाडीची चकाकी, उन्हापासूनचे संरक्षण व पाणी परतवण्याचा गुण हे सारे त्या अर्ध्या-पाऊण पानावर अवलंबून असते.

आमच्या वडीलधाऱ्यांना ही रचना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, कारण त्यांच्या गाड्या अशा नव्हत्या. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीने १९२३ साली ‘ड्युको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर मोटारींसाठी बाजारात आणला. त्याआधी तेलाच्या व्हार्निशाने मोटार रंगवून वाळवायला आठवडेच्या आठवडे लागत. ड्युकोने ते काम दिवसांवर आणले. हे नाव आपल्याकडे इतके रुळले की पुढे कोणत्याही कंपनीचा रंग असो, मोटारीचे रंगकाम म्हणजे ड्युको असे समीकरण झाले, आणि जुने मिस्त्री आजही तोच शब्द वापरतात. जुन्या ॲम्बॅसॅडर-पद्मिनी गाड्यांवर साध्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. रंग फिका पडला की रबिंग कंपाउंड घेऊन मनगट दुखेपर्यंत घासायचे. फडक्याला गाडीचा रंग लागला म्हणजे काम बरोबर चालले आहे असे समजायचे. घासण्याला रंगाची जाडीही पुरेशी असे. ती रीत त्या गाड्यांना योग्यच होती. आजच्या गाडीवर तीच रीत चालवली तर पारदर्शक थर झिजतो, आणि फडक्याला रंग लागू लागला की समजावे, संरक्षण संपले. तेथे मग काही काळाने ऊन रंग खाते आणि चट्टा पडतो. तेव्हा घासण्याचा जुना उत्साह आवरणे, हा आजच्या दुरुस्तीचा पहिला नियम.

गंजाचे शास्त्र थोडक्यात असे. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, आणि या गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. टवक्यातून चढू लागलेला गंज जागा मागतो, कडेचा रंग खालून उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली पाणी साठून नवा गंज चढतो. वरून गाडी चकचकीत दिसते आणि एके दिवशी बोटाने दाबताच रंगाचा पोपडा हातात येतो. नव्या गाड्यांत काही पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. तेथे हे काम सावकाश चालते, पण थांबत नाही. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत पत्रा ओला-सुका होत राहतो, आणि चिखल कोपऱ्यांत चिकटून बसतो. एका पावसाळ्यात टवक्याभोवती तपकिरी वलय दिसते. दोन-तीन पावसाळ्यांत वलयाचा फोड होतो.

लोखंडाला गंजापासून वाचवण्याची विद्या आपल्या मुलखाला अपरिचित नाही. दिल्लीचा लोहस्तंभ सर्वांना ठाऊक आहे. पण उज्जैनपासून फार दूर नसलेल्या धार येथे, लाट मशिदीच्या आवारात, त्याहून लांब अशा एका लोहस्तंभाचे तीन तुकडे आहेत. ते जोडले तर लांबी सुमारे १३ मीटर भरते. दिल्लीचा स्तंभ ७ मीटरांच्या आसपास आहे. परंपरेने धारचा स्तंभ भोजराजाच्या काळाशी जोडला जातो. कानपूरच्या आय.आय.टी.तील धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या प्राचीन लोखंडाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून असे दिसले की जुन्या भट्टीच्या पद्धतीत लोखंडात फॉस्फरस टिकून राही, आणि कालांतराने त्याच्यापासून पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होई. तो पापुद्रा पुढचा गंज अडवतो. कारखान्यात रंगाआधी पत्र्याला फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात त्यामागचे तत्त्व याच जातीचे. टवक्यावर लावण्यासाठी ‘रस्ट कन्व्हर्टर’ म्हणून बाटली मिळते, तीतही बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिक आम्ल असते. टॅनिक आम्लाने गंज काळा पडतो. हिरड्याचा रस लोखंडाला लागला की जो काळिमा येतो, तोच हा.

असो. शास्त्र पुरे झाले. आता हात भिजवू.

प्रथम निदान. गाडी सावलीत घ्यावी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, मग सौम्य शाम्पूच्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपावी. कपड्यांचा साबण वापरू नये. यानंतर तीन कसोट्या लावाव्यात. पहिली पाण्याची : रेघेवर ओले बोट फिरवावे, रेघ ओली असताना दिसेनाशी झाली आणि सुकल्यावर पुन्हा दिसू लागली, तर ती केवळ पारदर्शक थरातली आहे, हा ओरखडा. दुसरी नखाची : नख आडवे फिरवताना रेघेत अडकले तर तो चरा. तिसरी रंगाची : आत पांढरट किंवा करडे दिसले तर अस्तर उघडे पडले आहे, चमकदार किंवा तपकिरी दिसले तर पत्रा. आणखी एक शक्यता असते. पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो दुसऱ्या गाडीचा किंवा फाटकाचा रंग आपल्या रंगावर चढलेला असतो. तो किंचित कंपाउंड लावून हलक्या हाताने पुसला की निघून जातो, आणि सगळी हळहळ व्यर्थ ठरते.

ओरखड्याचे काम सोपे आहे. बारीक कंपाउंड किंवा पॉलिश मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यावर वाटाण्याएवढे घ्यावे आणि तळहाताएवढ्या भागावर हलक्या दाबाने फिरवावे. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर पुसून पाहावे. ओरखडा फिका झाला की थांबावे. पूर्ण नाहीसा करण्याचा हट्ट धरू नये, कारण आपण त्या पाऊण पानातलेच काही झिजवीत असतो. शेवटी मेणाचा एक हात द्यावा. दात घासण्याच्या पेस्टने ओरखडे जातात, असे पुष्कळ घरांत मानले जाते. त्यात तथ्य आहे ते एवढेच की पेस्टमध्येही बारीक घासणारी पूड असते. पण ती किती खरखरीत आहे हे आपल्याला ठाऊक नसते; म्हणून ज्या कामाची जी वस्तू, ती त्याच कामाला घ्यावी.

टवक्यासाठी साहित्य थोडे अधिक लागते : गाडीच्या नेमक्या रंगाची टच-अपची छोटी बाटली, धातूला चालणारा प्रायमर, पारदर्शक लॅकर, चित्रकलेचा सर्वांत बारीक ब्रश, दात कोरण्याच्या काही काड्या, मास्किंग टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि हातमोजे. रंग विकत घेताना ‘पांढरा’ किंवा ‘रुपेरी’ एवढे सांगून भागत नाही. एकाच कंपनीचे पांढरे दोन-तीन प्रकारचे असतात. रंगाचा सांकेतिक क्रमांक गाडीवरच, बॉनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. तो कागदावर उतरवून न्यावा. तरीही पाच-सात उन्हाळे सोसलेल्या गाडीचा रंग बाटलीतल्या रंगाशी तंतोतंत जुळेलच असे नाही. इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक ठिपका देऊन, सुकल्यावर पाहून मगच पुढे जावे.

प्रत्यक्ष कृती अशी. टवक्याच्या कडेचा सैल झालेला रंग काडीने किंवा सुईच्या टोकाने काढून टाकावा. सैल कडेवर दिलेला रंग तिच्यासकट निघून येतो. आत तपकिरी गंज असेल तर तो बारीक वॉटर पेपरच्या टोकाने किंवा सुईने खरवडून पत्रा उजळ करावा. खोल छिद्रातला गंज निघत नसेल तेथे कन्व्हर्टरचा एक थेंब द्यावा, सांगितलेला वेळ जाऊ द्यावा आणि भोवती सांडलेला लगेच पुसावा. मग अल्कोहोलने जागा पुसून तेलकटपणा घालवावा. ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि दोन महिन्यांत रंग निघाला की बाटलीला दोष देतात. पत्रा उघडा पडला असेल तर काडीच्या टोकाने प्रायमरचा अत्यंत पातळ थेंब खड्ड्याच्या तळाशी सोडावा. तो सुकला की रंग. येथे ब्रश ओढायचा नसतो. कुंकवाची टिकली टेकवावी तसे टोक नुसते टेकवायचे. थेंब आपोआप खड्ड्यात पसरतो. रंग सुकताना आक्रसतो, म्हणून एकदम भरण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हातामध्ये बाटलीवर सांगितलेला अवकाश ठेवावा. सर्वांत शेवटी पारदर्शक लॅकर, तो मात्र पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहील इतका.

येथे थांबले तरी चालते. पत्रा झाकला गेला, हेतू सफल झाला. तो बारीक उंचवटा सपाट करावयाचाच असेल तर निदान आठवडाभर थांबावे. मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून लहानशा खोडरबरावर गुंडाळावा आणि केवळ उंचवट्यापुरता, अगदी मोजक्या घासांनी फिरवावा. त्यामागून ३००० नंबरचा, आणि शेवटी बारीक कंपाउंड. हात स्थिर नसेल तर हा खटाटोप न केलेलाच बरा. चऱ्याची रीत हीच. फक्त दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून रंग रेघेतच राहील असे पाहावे आणि टेप रंग ओला असतानाच काढावी. टवका बंपरवर असेल तर काळजीचे कारण नाही. आजचे बंपर प्लास्टिकचे. त्यांना गंज चढत नाही, आणि त्यांना धातूचा प्रायमर चालतही नाही.

अचानक टवका उडाला आणि जवळ काही नसेल, तर घरातील पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब तात्पुरता बांध म्हणून चालतो. यात हसण्यासारखे काही नाही. नेलपॉलिशही नायट्रोसेल्युलोजचेच, म्हणजे नात्याने ड्युकोचे धाकटे भावंड. पण ते मोटारीच्या उन्हाला फार दिवस टिकत नाही. पिवळे पडते, तडकते. रंगाची बाटली मिळाली की ते खरवडून रीतसर काम करावे.

सुरक्षेविषयी दोन शब्द आग्रहाने. थिनर आणि लॅकर यांची वाफ चटकन पेट घेते आणि जमिनीलगत पसरते. वाड्याच्या चौकात काम चालू असताना शेजारी शेगडी, उदबत्ती किंवा तुळशीपुढचा दिवा जळत असता कामा नये. सायंकाळपूर्वी झाकणे घट्ट लावून बाटल्या उचललेल्या असाव्यात आणि त्या मुलांच्या हाताला लागू नयेत. हार्डनर मिसळून फवारण्याचे दुहेरी रंग तर घरी वापरूच नयेत. त्यांत आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात. ती फवाऱ्यावाटे श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा रुमाल किंवा कापडी मुखवटा त्यांना अडवीत नाही. गॅरेजांत नाकावर फडके बांधून दिवसभर फवारणी करणारे तरुण कारागीर आपण पाहतो. त्यांच्याकडून काम घेताना योग्य मुखवट्याची आठवण करून देण्याने आपले काही खर्च होत नाही.

घरचे काम कोठे संपते, तेही सांगितले पाहिजे. टवका रुपयाच्या नाण्याहून मोठा असेल, पत्र्याला पोचा आला असेल, रंगाखाली फोड उठला असेल, किंवा गंज दाराच्या खालच्या कडेतून आतून बाहेर येत असेल, तर तो कुशल कारागिराकडेच न्यावा. फोडावर वरून रंग देणे म्हणजे मुरलेल्या जखमेवर पट्टी बांधणे. आत काम चालूच राहते. धातूच्या चकाकीचे रंग ब्रशने कधीच पूर्ण जुळत नाहीत, कारण कारखान्यात फवारताना त्यांतील कण एका विशिष्ट तऱ्हेने आडवे बसतात, थेंबात ते वेडेवाकडे राहतात. जवळून ठिपका दिसणारच. चार हातांवरून दिसला नाही म्हणजे समाधान मानावे.

विम्याचा विचारही येथेच करावा. लहानशा चऱ्यासाठी विम्याचा दावा करून सबंध दार रंगवून घेण्याचा मोह होतो. पण दावा न केलेल्या वर्षांबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर जी सवलत मिळते, ती पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांवर जाते. आणि तिच्यासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर एका दाव्याने ती शून्यावर येते. शिवाय प्रत्येक दाव्यात काही रक्कम आपल्याला भरावीच लागते. सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडावेत.

काळवेळेचेही भान हवे. वैशाखात पत्रा इतका तापतो की रंग टेकताच आळतो. श्रावणात हवेतील ओलाव्याने लॅकर पांढुरका पडतो. आपल्याकडे कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या कोवळ्या उन्हाच्या सकाळी या कामाला उत्तम. परंतु पावसाच्या तोंडावर उघडा टवका दिसला तर मुहूर्त पाहत बसू नये; निदान प्रायमरचा थेंब देऊन पत्रा झाकावा.

दुरुस्तीइतकेच महत्त्व ओरखडे न पाडण्याला आहे, आणि यातले पुष्कळसे आपणच पाडतो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची जी पद्धत आहे, तीत फडके धुळीचे कण पत्र्यावर फिरवीत असते. उन्हात दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे ही त्याचीच खूण. त्यापेक्षा दोन दिवसांआड पाण्याने धुतलेली बरी. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, झेंडूच्या माळा घालतो. हे सर्व आनंदाने करावे. मात्र स्वस्तिक कोरड्या फडक्याने पुसून न काढता पाणी सोडून वाहू द्यावे, माळेची तार पत्र्यावर घासणार नाही असे पाहावे आणि नारळ गाडीपासून चार हात दूर फोडावा. करवंटीचा तुकडा खडीइतकाच निर्दयपणे उडतो.

राहता राहिला शेजारच्या मुलाच्या सायकलीचा प्रश्न. परमुलखात चार मराठी घरे एका गल्लीत असली की त्यांच्या सुखदुःखाचे धागे गुंतलेले असतात. एका रेघेवरून दोन कुटुंबांतले हळदीकुंकवाचे जाणे-येणे थांबल्याचे प्रकार सर्वांच्याच ऐकिवात असतील. तक्रार घेऊन दार ठोठावण्यापूर्वी ओले बोट त्या रेघेवरून फिरवून पाहावे. रेघ पाण्याखाली दिसेनाशी झाली तर प्रकरण अर्ध्या तासाचे आणि वाटाण्याएवढ्या पॉलिशचे आहे. मग त्या मुलालाच बोलावून फडके त्याच्या हाती द्यावे आणि शेजारी उभे राहून काम शिकवावे. तो पुढच्या वेळी सायकल सांभाळून नेईल, आणि त्याच्या आईवडिलांना कळेल तेव्हा ती भांडणाची गोष्ट राहिलेली नसेल.

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत गाडी तोवर टिकवण्याची आस असते, आणि ती योग्यच आहे. त्या वयाला पोहोचलेल्या गाडीचे यंत्र बहुधा दुरुस्त होते. पत्रा सडला असेल तर मात्र खर्च हाताबाहेर जातो. तेव्हा मृगाआधी एकदा आणि दसऱ्यापूर्वी एकदा, बादलीभर पाणी घेऊन गाडीभोवती फिरावे, बॉनेटची कड व चाकांच्या मागचा पत्रा बोटांनी चाचपावा, आणि मोहरीएवढा टवका सापडला की त्याच सकाळी त्यावर थेंब ठेवावा. ओरखड्यांना पुढचा रविवार आहेच.